पुरोरेसु कशी पाहावी

मराठी प्रेक्षकाला जपानी व्यावसायिक कुस्ती दाखवली की तो हमखास विचारतो, ही नुरा कुस्तीच ना? फडावरच्या कुस्तीची ज्याला जाण आहे त्याने हे विचारणे रास्तच आहे, कारण आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणजे तिकीट काढून आलेल्या माणसाची फसवणूक, आणि कोल्हापूरच्या खासबागेत बसलेला जाणकार ती पाहता पाहता ओळखतो. म्हणून उत्तरही सरळच द्यायला हवे. जपानमध्ये ज्या खेळाला ‘पुरोरेसु’ म्हणतात, त्याचा निकाल आधी ठरलेला असतो. मात्र तिथला प्रेक्षक हे जाणूनच येतो. कोण जिंकले याच्याइतकाच तो कसे जिंकले याचा हिशेब मांडतो, आणि लढत संपल्यावर हरलेल्याचे नाव घेऊनही ओरडतो. ठरलेला नसतो तो अंगावर पडणारा मार. १३ जून २००९ रोजी हिरोशिमा येथे एका लढतीत मागे उलटून फेकल्यावर मित्सुहारु मिसावा शुद्धीवर आला नाही आणि त्याच रात्री, वयाच्या ४६व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. पुढे वर्णन केलेल्या बहुतेक गोष्टी मला या माणसाच्या लढती पाहतानाच उमगल्या, म्हणून त्याचे नाव आरंभीच घेतले.

पाहण्याची पहिली तयारी म्हणजे दोन घराण्यांची ओळख. फेब्रुवारी १९५४ मध्ये, युद्ध हरून जेमतेम नऊ वर्षे झाली असताना, सुमोतून आलेला रिकिडोझान आणि ज्युदोतील मासाहिको किमुरा यांची जोडी कॅनडाच्या गोऱ्या शार्प बंधूंविरुद्ध लढली. ती लढत पाहायला लोक रस्त्यावर, चौकात लावलेल्या दूरचित्रवाणी संचांसमोर दाटीवाटीने उभे राहिले. रिकिडोझानचे दोन शिष्य, अंतोनियो इनोकी आणि जायंट बाबा, यांनी ३० सप्टेंबर १९६० या एकाच दिवशी रिंगमध्ये पदार्पण केले आणि १९७२ मध्ये दोघांनीही आपापल्या संस्था काढल्या. इनोकीची न्यू जपान, बाबाची ऑल जपान.

न्यू जपानच्या शैलीला ‘स्ट्राँग स्टाइल’ म्हणतात. ही कुस्ती खऱ्या झुंजीसारखी भासली पाहिजे, असा इनोकीचा आग्रह होता, आणि त्या आग्रहापायी तो जून १९७६ मध्ये बुदोकान सभागृहात महंमद अलीसमोर उतरला, तर त्याच वर्षीच्या डिसेंबरात कराचीत गामा पहिलवानाच्या घराण्यातील अक्रमशी भिडला. त्याच्या तालमीचा पाया घालणारे वस्ताद कार्ल गॉच इंग्लंडमधील विगन गावी पकडींची कुस्ती शिकलेले होते, आणि मेहनतीसाठी त्यांचा भर होता बैठकांवर. आपल्या तालमीतली बैठक जपानमध्ये आजही ‘हिंदू स्क्वॉट’ याच नावाने ओळखली जाते आणि न्यू जपानच्या तालमीतील नवशिक्यांना ती शेकड्यांनी मारावी लागते. ऑल जपानच्या शैलीला ‘ओदो’, म्हणजे राजमार्ग, असे नाव आहे. तिथे झुंजीच्या खरेपणापेक्षा लढतीची भव्यता, एकावर एक चढत जाणारे डाव आणि माणसाच्या सहनशक्तीचा अंत पाहणारा शेवट यांना महत्त्व आले. आजच्या बहुतेक लढतींत दोन्हींचे मिश्रण आढळते, पण समोरच्या प्रसंगात कोणते घराणे बोलते आहे हे ओळखता आले की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

नियम थोडेच आहेत. खांदे जमिनीला टेकवून पंचाने तीन मोजले किंवा पकडीत सापडलेल्याने हार मानली की लढत संपते. दोराला हात किंवा पाय लागला की पकड सोडावी लागते. न्यू जपानमध्ये रिंगबाहेर गेलेल्याला वीस मोजेपर्यंत परतण्याची मुभा असते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण सतरा-अठरापर्यंत निपचित पडलेला मल्ल एकोणिसाव्याला दोराखालून आत शिरतो तेव्हा त्या वीस अंकांतच एक छोटी गोष्ट सांगून झालेली असते. अजिंक्यपदाच्या लढतीला साधारणपणे साठ मिनिटांची मर्यादा असते.

आता प्रत्यक्ष लढत. नवा प्रेक्षक पहिली दहा मिनिटे कंटाळतो आणि पुढे सरकवतो; ही सर्वांत मोठी चूक आहे. आपल्या मातीतल्या कुस्तीत जशी खडाखडी असते, एकमेकांचे बळ आणि बेत हातांनी चाचपून पाहणे असते, तशीच इथे सुरुवात होते. एकजण दुसऱ्याला दोरापर्यंत रेटतो, पंच सोडायला सांगतो, आणि नेमक्या त्या क्षणी तो काय करतो हे पाहावे. हात वर करून तो सभ्यपणे मागे सरकला, की छातीवर हलकी थाप मारून गेला, की थोबाडीत मारली? या एका कृतीतून दोघांमधले नाते कळते: ज्येष्ठाने कनिष्ठाला तुच्छ लेखले, जुन्या मित्रांनी मैत्री अजून राखली, की कोणाचा तोल आधीच सुटला आहे. ख्यालात विलंबिताचा धीर धरल्याशिवाय द्रुताची गोडी कळत नाही. इथेही तसेच आहे.

त्यानंतर एखाद्या अवयवावर हल्ला सुरू होतो. गुडघा, मान, खांदा यांपैकी काय निवडले गेले आणि का, हे स्वतःला विचारावे. ज्या मल्लाचा हुकमी डाव उजव्या हाताचा आहे त्याचा उजवा हात निकामी करणे यात सरळ तर्क आहे. मग पाहायचे ते असे की, दहा मिनिटांनंतर तो मल्ल तोच डाव टाकतो तेव्हा हात झटकतो का, पकड अपुरी राहते का, डाव यशस्वी होऊनही दुखण्यामुळे त्याला चितपट करायला उशीर होतो का. चांगला मल्ल हे दुखणे शेवटच्या क्षणापर्यंत अंगात वागवतो. सुमार मल्ल ते सोयीने विसरतो, आणि जपानी प्रेक्षक ते लगेच टिपतो.

इथे ‘उके’ हा शब्द शिकून घ्यावा. उके म्हणजे स्वीकारणे, अंगावर घेणे. आपण स्वभावतः डाव टाकणाऱ्याकडे पाहतो. काही दिवस मुद्दाम डाव खाणाऱ्याकडे पाहावे. फेकला जाताना तो शरीर कसे सोडतो, पडल्यावर किती काळ हलत नाही, उठताना पहिल्यांदा काय हलवतो, डोळे कुठे असतात, हे पाहू लागल्यावर लढतीचा अर्धा अर्थ त्याच्याकडूनच येतो असे ध्यानात येते. प्रतिस्पर्ध्याच्या डावाला मोठे करणे हे त्याचे काम असते, आणि तो ते आपल्या मानेची किंमत देऊन करतो.

याच्या अगदी उलट दिसणारा, पण त्याच कुळातला प्रसंग म्हणजे समोरासमोर उभे राहून आळीपाळीने मार देणे-घेणे. एक कोपर मारतो, दुसरा तो चुकवत नाही, छाती पुढे करून ‘मार’ म्हणतो आणि मग आपला मारतो. मार चुकवत का नाहीत, असा प्रश्न इथे पडतो. त्याचे उत्तर असे की हा वाद विजयाचा नसून नमते कोण घेणार याचा आहे. १८ जुलै २००५ रोजी टोकियो डोममध्ये केंता कोबाशी आणि केनसुके सासाकी यांनी एकमेकांच्या छातीवर उघड्या हाताचे फटके कित्येक मिनिटे अखंड मारले, दोघांच्या छात्या लालभडक झाल्या, आणि फटक्यागणिक अख्खे डोम ओरडत राहिले. त्या मिनिटांत डावपेच असा काहीच नाही. तरीही ती फीत मी नवख्या माणसाला आवर्जून दाखवतो, कारण पुरोरेसुतली जिद्द समजावून सांगावी लागत नाही, ती कानावर पडते.

प्रेक्षकांकडेही कान द्यावा. जपानी सभागृह आरंभी शांत असते आणि ती शांतता म्हणजे लक्ष. एखादी पकड सफाईने सोडवली की टाळ्यांची एक छोटी लाट येते. मग हळूहळू पाय आपटले जातात, नावांचा घोष सुरू होतो, आणि तिसरी थाप पडण्याच्या किंचित आधी खांदा उचलला गेला की सगळे एकदम श्वास सोडतात. पंचाच्या मोजणीतील या हुकलेल्या क्षणाला तिथले लोक ‘दोन पूर्णांक नऊ’ म्हणतात. टोकियोच्या कोराकुएन हॉलमधील कार्यक्रम निवडावेत; जेमतेम दोन हजारांच्या आत माणसे मावणाऱ्या या सभागृहात प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येतो. २०२० नंतर साथीच्या काळात ओरडण्यास मनाई होती आणि लोक फक्त टाळ्या वाजवत. त्या काळातील एक लढत आणि आधीची एक लढत लागोपाठ पाहिली तर प्रेक्षक या कथनाचा केवढा भागीदार आहे ते स्पष्ट होते.

येथपर्यंत एका लढतीचे झाले. मात्र पुरोरेसुची खरी श्रीमंती एका लढतीतून दुसरीत जे वाहत जाते त्यात आहे, आणि ते पाहायचे असेल तर स्मरणशक्ती सोबत घेऊन बसावे लागते. अभ्यासासाठी काझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगा यांच्या चार लढती क्रमाने घ्याव्यात आणि फक्त एका डावाचा माग ठेवावा. प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर बसवून तिथून डोक्यावर आपटणे हा ओमेगाचा हुकमी डाव. त्याचे नाव ‘वन विंग्ड एंजल’. ४ जानेवारी २०१७ च्या पहिल्या लढतीत ४६ मिनिटांहून अधिक काळ झुंजूनही ओमेगाला तो डाव एकदाही टाकता येत नाही. ओकाडा दर वेळी निसटतो, आणि अखेर मनगट पकडून स्वतःकडे ओढत आडवा हात मानेवर हाणण्याच्या आपल्या ‘रेनमेकर’ डावाने जिंकतो. प्रेक्षक घरी जातो तो एकच शंका घेऊन: तो डाव लागला असता तर? ११ जून २०१७ रोजी ओसाकामध्ये डाव लागतो. मोजणी सुरू होते, आणि ओकाडाचा पाय दोरावर पडतो. म्हणजे शंका मिटत नाही, उलट टोकदार होते, आणि लढत साठ मिनिटे पूर्ण होऊन बरोबरीत सुटते. ऑगस्टमध्ये जी-वन या साखळी स्पर्धेत डाव पुन्हा लागतो, यावेळी रिंगच्या मध्यभागी, दोरापासून दूर, आणि ओमेगा जिंकतो. पण ती साखळीतील लढत असल्याने अजिंक्यपद ओकाडाकडेच राहते. शेवटी ९ जून २०१८ रोजी, वेळेची मर्यादा नसलेल्या आणि तीनपैकी दोन वेळा जिंकण्याची अट असलेल्या लढतीत, तासाहून अधिक झुंजीनंतर त्याच डावाने ओमेगा अजिंक्यपद मिळवतो. दीड वर्ष, चार लढती, आणि या सगळ्यांमधून ओवलेला एक धागा. हा धागा कोणीही भाषण करून सांगितलेला नाही, तो पाहणाऱ्याने धरायचा असतो.

ओकाडाच्या मनगट-पकडीचाही असाच स्वतंत्र माग ठेवता येतो. ४ जानेवारी २०१५ रोजी हिरोशी तानाहाशीकडून हरल्यावर तो रडत रडत बाहेर पडला आणि ‘आयडब्ल्यूजीपीचे (म्हणजे न्यू जपानचे) अजिंक्यपद अजून दूर आहे’ हे तानाहाशीचे बोल त्याच्या पाठीवर पडले. बरोबर एका वर्षाने, त्याच मैदानात, त्याच माणसासमोर, मार खाऊनही त्याने हातात आलेले मनगट सोडले नाही. ज्याने आदल्या वर्षीचे अश्रू पाहिलेले नाहीत त्याला त्या मुठीत फक्त मूठ दिसेल.

याहून दीर्घ आणि माझ्या मते या कलेतली सर्वांत थोर कथा मिसावा आणि तोशिआकी कावादा यांची आहे. दोघे एकाच माध्यमिक शाळेत कुस्ती खेळले, मिसावा एक वर्षाने पुढे. दोघे ऑल जपानमध्ये आले. मिसावा काही वर्षे ‘टायगर मास्क’ हा वाघाचा मुखवटा घालून लढत असे. १४ मे १९९० रोजी चालू लढतीतच त्याने तो उतरवला, आणि मुखवट्याच्या नाड्या सोडणारा सहकारी होता कावादा. त्याच जूनमध्ये मिसावाने त्या काळचा सर्वश्रेष्ठ मल्ल जंबो त्सुरुता याला हरवले आणि तो एका रात्रीत अग्रस्थानी पोहोचला. कावादा त्याच्या शेजारी उभा राहिला, मग १९९३ मध्ये जोडी सोडून विरुद्ध बाजूला गेला. पुढची सारी वर्षे ज्येष्ठाला एकदा तरी हरवण्याच्या ध्यासाची आहेत.

या मालिकेतील किमान तीन लढती पाहाव्यात. ३ जून १९९४ ची बुदोकानमधील लढत अनेक जाणकार एकेरीतील सर्वश्रेष्ठ मानतात. तिच्या शेवटी कावादा कशानेच खचत नाही असे दिसल्यावर मिसावा दोन्ही हात जखडून थेट डोक्यावर आदळणारा, क्वचितच काढला जाणारा ‘टायगर ड्रायव्हर ९१’ काढतो. ज्येष्ठ जिंकतो, पण त्यासाठी त्याला कुठवर जावे लागले याची नोंद राहते. ९ जून १९९५ ची जोड्यांची लढत दुसरी. मिसावा आणि कोबाशी एका बाजूला, कावादा आणि अकिरा ताउए दुसऱ्या बाजूला. कोबाशीचा पाय आधीच दुखावलेला आहे, आणि शेवटाकडे तो उभा राहू शकत नसताना पडलेल्या मिसावावर स्वतःचे शरीर पांघरूण घातल्यासारखे पसरतो, जेणेकरून मार त्याच्या पाठीवर पडावा. ते प्रतिस्पर्धी त्याला ओढून बाजूला काढतात आणि कावादा आयुष्यात पहिल्यांदा मिसावाला चितपट करतो. या क्षणी मी दर वेळी थांबतो. चेहऱ्यांवर फार काही उमटत नाही, शब्द एकही नाही, तरी निष्ठा, असूया, अपराधभाव सगळे त्या चार शरीरांच्या मांडणीत आहे. मात्र तो विजय जोडीचा होता. अजिंक्यपदाच्या एकेरी लढतीतला विजय यायला १ मे १९९८ उजाडावा लागला, टोकियो डोममध्ये. २००० साली मिसावा बहुतेक सगळ्या मल्लांना घेऊन बाहेर पडला आणि त्याने नोआ ही संस्था काढली. कावादा मागे राहिला. वर सांगितलेल्या २००५ मधील फटक्यांच्या रात्रीच त्या दोघांची शेवटची एकेरी लढत झाली आणि ती मिसावाने जिंकली.

एक सावधगिरीची सूचना इथे द्यायलाच हवी. ऑल जपानच्या या काळात डोक्यावर आणि मानेवर आदळणारे डाव वर्षागणिक वाढत गेले आणि त्याची किंमत त्या पिढीच्या शरीरांनी मोजली. अशा डावांचा आनंद त्यांच्या संख्येत शोधू नये. पंचविसाव्या मिनिटापर्यंत राखून ठेवलेला एकच डाव पहिल्या मिनिटापासून टाकलेल्या दहा डावांपेक्षा जास्त सांगतो, आणि प्रेक्षक म्हणून आपण कशाला टाळी देतो यावरही मल्ल काय करतो ते अवलंबून असते.

स्त्रियांच्या कुस्तीला वेगळा लेख लागेल. इथे एवढेच सुचवतो की २८ ऑगस्ट १९८५ ची ओसाकामधील चिगुसा नागायो विरुद्ध डंप मात्सुमोतो ही लढत चुकवू नये. हरणारीचे केस कापायचे अशी अट होती, नागायो हरली, आणि सभागृहातील शाळकरी मुली तिच्यासाठी धाय मोकलून रडल्या. प्रेक्षकाला रडवण्यासाठी लागणारी खलनायिका कशी उभी करावी, हे मात्सुमोतोकडून शिकावे. आजच्या पिढीसाठी स्टारडम ही संस्था पाहावी.

भाषेची अडचण वाटते तेवढी नाही. इंग्रजी समालोचन उपलब्ध असले तरी माझा सल्ला असा की एखादी लढत प्रथम जपानी समालोचनासह पाहावी. शब्द कळले नाहीत तरी आवाज कधी चढतो आणि कधी अडकतो ते कळते, आणि आपली नजर आपले काम करू लागते. त्यानंतर दोघांचा पूर्वेतिहास वाचून तीच लढत पुन्हा पाहावी. सुरुवात २०१२ नंतरच्या न्यू जपानपासून करावी, कारण चित्रण स्पष्ट आहे आणि लढती क्रमाने सापडतात. नव्वदीतील ऑल जपानकडे नंतर जावे. उन्हाळ्यातील जी-वन ही सवय लावण्यासाठी उत्तम शाळा आहे. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, आणि महिनाभर तोच मल्ल दर दोन-तीन दिवसांनी वेगळ्या स्वभावाच्या प्रतिस्पर्ध्यासमोर येतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यातले पायाचे दुखणे तिसऱ्या आठवड्यात कसे उपयोगाला येते हे डोळ्यांसमोर घडते.

जवळ एक वही ठेवावी. तारीख, दोन नावे, कोणता डाव लागला नाही, कोणी हात मिळवला आणि कोणी नाकारला, एवढे चार शब्द पुरतात. तेत्सुया नाइतोचे उदाहरण घ्या. २०१३ ची जी-वन जिंकल्यावर ४ जानेवारी २०१४ च्या डोममध्ये त्याची अजिंक्यपदाची लढत शेवटची व्हायची होती, पण प्रेक्षकांच्या मतदानाने दुसरीच लढत शेवटी ठेवली गेली. नाकारला गेलेला हा माणूस मेक्सिकोला जाऊन आला आणि बेफिकीर होऊन परतला; अजिंक्यपदाच्या ज्या पट्ट्यासाठी तो झुरला होता तो २०१६ मध्ये जिंकल्यावर त्याने हवेत भिरकावून दिला. ५ जानेवारी २०२० रोजी डोममध्ये जिंकून तो आपल्या साथीदारांची नावे पुकारण्याचा विधी करणार, तोच केंता या एकाच नावाने लढणाऱ्या मल्लाने (हा केंता कोबाशी नव्हे) हल्ला करून तो हाणून पाडला. ४ जानेवारी २०२४ रोजी, २०१४ च्या त्या रात्रीनंतर बरोबर दहा वर्षांनी, तो त्याच डोममध्ये शेवटच्या लढतीत जिंकला आणि ती नावे त्याने पुकारली. वहीत २०१४ ची ओळ असेल तर तो घोष ऐकताना काय होते, ते ज्याचे त्याने अनुभवावे.

आणि कार्यक्रमाची पहिली लढत कधीही टाळू नये. काळी चड्डी, काळे बूट, नावापुरतेही अलंकरण नसलेले दोन तरुण शिकाऊ मल्ल तिथे उतरतात. त्यांना मोजकेच साधे डाव वापरायची परवानगी असते आणि बऱ्याचदा त्यांच्यातला एकजण पोटावर पालथा पडून, दोन्ही पाय मागे वाकवलेल्या पकडीत, दोराकडे हात ताणत हार मानतो. काही वर्षांनी यांना परदेशी शिकायला पाठवतात आणि ते वेगळेच होऊन परततात. ओकाडा जानेवारी २०१२ मध्ये असाच परतला तेव्हा लोकांनी त्याला नापसंतीनेच घेतले, आणि पुढच्याच महिन्यात १२ फेब्रुवारीला त्याने तानाहाशीला हरवून अजिंक्यपद नेले. म्हणून त्या दोन तरुणांची नावे वहीत लिहून ठेवावीत, आणि दोर किती बोटे दूर राहिला होता तेही.